आवाज कोठून येतो?

गेल्या वर्षी आम्ही उभयतां पुतण्याकडे इंग्लंडमधील लेस्टर या शहरी तीन महिने राहून आलो. पुण्याच्या नाना पेठेतील मोटारीच्या सुट्या भागांचे आमचे दुकान आता चिरंजीव पाहतात. त्यामुळे एवढी सवड प्रथमच मिळाली. नातवंडांना शाळेत सोडावे, बागेत फिरावे, असा शांत दिनक्रम मनाशी योजून आम्ही गेलो होतो. पण गेल्या आठवड्याभरातच एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या आवाजाने माझ्या निवृत्तीत व्यत्यय आणला. त्या आवाजाचा शोध घेताना बरेच काही नव्याने उमगले. गाडी कोणतीही असो, दुरुस्तीचा आणि खर्चाचा प्रश्न प्रत्येक कुटुंबात येतोच. म्हणून ती हकिकत येथे सविस्तर सांगत आहे.

पुतण्याची गाडी १९९५ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन आसने, उघडणारे कापडी छत आणि बटण दाबताच डोळे उघडावेत तसे वर येणारे दिवे. तरुणपणी त्याने भिंतीवर जिचे चित्र लावले होते ती हीच गाडी, आणि पस्तिशी ओलांडल्यावर स्वतःच्या कमाईतून त्याने ती जुन्या बाजारात घेतली. मात्र काही महिन्यांपासून ती खराब रस्त्यावर पुढून आवाज करू लागली होती. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखविल्यावर त्यांनी गाडी वर न उचलताच चारही शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सर्रास शॉकअप म्हणतात ते, बदलण्याचा सल्ला दिला. मजुरी धरून आकडा हजार पौंडांच्या घरात जात होता. शिवाय तीन आठवड्यांवर गाडीची एमओटी आली होती. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी ही सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि चाकाच्या सांध्यांत अवाजवी हालचाल आढळली तर गाडी नापास होते.

सूनबाईंचे म्हणणे सरळ होते. “एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकून टाकलेली बरी.” पुतण्या काही बोलला नाही. रात्री जेवणानंतर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही चाळीस वर्षे हेच भाग विकलेत. एकदा ऐकून तरी बघता का?”

ऐकून बघता का, हा त्याचा शब्द मला लागला. का लागला, ते पुढे सांगतो.

गाडी आणि तिचे सांधे

या गाडीची जन्मकथा मोठी वाचनीय आहे. साठच्या दशकात ब्रिटिश कंपन्या लहान, हलक्या, उघड्या दोन आसनी गाड्या बनवीत असत. लोटस एलान ही त्यांतील नावाजलेली. पुढे तो प्रकार जवळजवळ लयास गेला. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना अशी गाडी पुन्हा बनविण्याचे सुचविले. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ प्रथम लोकांसमोर आली. हिरोशिमाच्या कारखान्यातून एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा आकडा कोणालाही थक्क करणारा आहे.

तिच्या अभियंत्यांनी समोर ठेवलेले सूत्र ‘जिनबा इत्ताई’ या जपानी शब्दांत सांगितले जाते. घोडा आणि स्वार यांची एकरूपता, असा त्याचा अर्थ. त्यासाठी त्यांनी चारही चाकांना ‘डबल विशबोन’ पद्धतीची बांधणी दिली. प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन हातांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. त्या हातांनाच आपण अपर आर्म आणि लोअर आर्म म्हणतो. आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांची मूळ मांडणीही याच जातीची होती. त्यामुळे गाडीखाली डोकावताच मला परक्या देशात ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले.

हे आर्म जेथे सांगाड्याला जोडले जातात तेथे बुश असतो. आत एक पोलादी नळी, तिच्याभोवती घट्ट बसविलेले रबर, आणि काही गाड्यांत त्याहीबाहेर पोलादी कवच, एवढीच त्याची रचना. चाक वरखाली होते तेव्हा आर्म फिरतो. आतील नळी मात्र बोल्टने आवळलेली असल्यामुळे जागेवरच राहते, आणि मधले रबर पीळ खाऊन ती हालचाल पोटात घेते. रस्त्याचा हादरा आणि ब्रेकचा ओढा हे सारे प्रथम या रबरावर येते. एमएक्स-५ च्या पुढील प्रत्येक बाजूला असे चार बुश आहेत. दोन वरच्या आर्ममध्ये, दोन खालच्या. माणसाच्या गुडघ्यातील कूर्चेचे जे काम, तेच यांचे.

योगायोग असा की, रबर आणि धातू यांना एकजीव सांधून असे भाग बनविणारा मेटलास्टिक हा प्रसिद्ध उद्योग याच लेस्टर शहरात वाढला. ज्या वस्तू आयुष्यभर फळीवरून काढून गिऱ्हाइकाच्या हाती दिल्या, त्यांच्या एका माहेरीच मी येऊन पोचलो होतो.

रबर कायम टिकत नाही. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे ते कडक होते व भेगाळते. तेल लागल्यास फुगून मऊ पडते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने रबराचे फारसे बिघडत नसले, तरी त्यातील नळी आणि बोल्ट गंजून एकमेकांना धरून बसतात. आपल्याकडे मिठाची जागा पावसाळ्यातील चिखल, खड्डे आणि गतिरोधक घेतात.

एक जुनी नोंद

आता ‘ऐकून बघता का’ या शब्दांविषयी. १९९१ साली मी दुकानात पूर्णवेळ बसू लागलो होतो आणि वडील दुपारनंतर येत. एके सकाळी पुणे-मुंबई मार्गावर पद्मिनी चालविणारे एक टॅक्सीवाले आले. “शेठ, पुढून ठक् ठक् आवाज येतो. काय टाकू?” असे त्यांनी विचारले. मी काउंटरवरून न उठता उत्तर दिले, “शॉकअप गेले असणार.” त्यांनी पुढची जोडी घेतली. त्या दिवसाच्या विक्रीत ती रक्कम लक्षात राहण्याजोगी होती.

आठवड्याने ते परत आले. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. एवढेच म्हणाले, “शेठ, आवाज तोच आहे.” दोष लोअर आर्मच्या बुशमध्ये होता, हे त्यांना दुसऱ्या एका फिटरने दाखविले होते. बुशची किंमत शॉकअपच्या जोडीपुढे नगण्य होती. वापरलेला माल परत घेता येत नाही, असे मी सांगितले. ते बुश घेऊन, त्याचे पैसे रोख मोजून निघून गेले.

संध्याकाळी वडिलांना मी हे सहज सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी वही ओढली आणि शॉकअपच्या जोडीची रक्कम ‘टॅक्सीवाले, नाव ठाऊक नाही’ अशा खात्यावर जमा लिहिली. दुसऱ्या दिवसापासून आमचा मुलगा पुणे स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवर त्यांची चौकशी करून आला. चार वेळा गेला. ते भेटले नाहीत आणि दुकानातही पुन्हा आले नाहीत. ती नोंद दर दिवाळीला जुन्या वहीतून नव्या वहीत ओढली जाते.

म्हणून पुतण्याला मी म्हणालो, “अरे, किल्ली आण. आधी ऐकू, मग बोलू.”

ऐकण्याचे शास्त्र

सस्पेन्शनच्या आवाजाचे निदान करताना पहिला प्रश्न ‘काय बदलू?’ हा नसतो. आवाज कसा आहे, तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत कमी लोक महत्त्व देतात, आणि बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते.

आवाजांना स्वभाव असतो. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि वळणावर कमी-अधिक होणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. लहान लहान खाचांवर होणारी हलकी, कोरडी खडखड स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडची असू शकते. गाडी सावकाश वरखाली होताना येणारी कुरकुर सुकलेल्या रबराची असते. त्या जागी पाणी शिंपडून ती काही काळ थांबली तर जागा नक्की होते. खोल खड्ड्यात एकदाच बसणारा जबर दणका आला, तर शॉकॲब्सॉर्बरवरील बंप स्टॉपकडे पाहावे. या जुन्या माझदांत तो भाग वयोमानाने भुगा होतो. आणि ब्रेक लावताना किंवा सोडताना येणारा एकच जड ‘ठक्’ हा आर्मच्या बुशची किंवा बॉल जॉइंटची शंका आणतो.

आम्ही प्रथम गाडी रिकामी केली. डिकीतील स्टेपनी, जॅक, पाने, आसनामागची पाण्याची बाटली, सारे बाहेर काढले. हे हास्यास्पद वाटेल. पण डिकीतील सैल जॅकमुळे पुढचे शॉकअप बदललेली गाडी मी पाहिली आहे. मग सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून पाहिला. तो कोठेही आपटत नव्हता.

त्यानंतर घरामागच्या खासगी गल्लीत गाडी सावकाश चालविली. पुतण्या चालवीत होता आणि मी काच उतरवून शेजारी बसलो होतो. दगडी फरसबंदीवर खडखड स्पष्ट आली. त्याला ब्रेकवर अलगद पाय ठेवून त्याच भागावरून जायला सांगितले. ब्रेक पॅड सैल असते तर दाबले जाताच आवाज थांबला असता. तो थांबला नाही. म्हणजे पॅड निर्दोष होते.

मग एक साधा प्रयोग केला. गतिरोधकावर दोन्ही पुढची चाके एकाच वेळी चढविली, तेव्हा खडखड आली नाही. त्याच गतिरोधकाच्या टोकावरून केवळ डावे चाक नेले, तेव्हा ती लगेच आली. दोन्ही चाके एकदम उचलली जातात तेव्हा स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही. एकच उचलले गेले की बसतो. दोष बारच्या जोडणीत असावा, असा संशय घट्ट झाला. डाव्या लिंक रॉडचे एक टोक सोडून ते बाजूला बांधले आणि त्याच गल्लीत पायी चालण्याच्या गतीने पुन्हा गेलो. खडखड नाहीशी झाली होती.

पुतण्याचा चेहरा उजळला. “मिळाला आवाज, काका!”

मी त्याला ब्रेक लावायला सांगितले. ‘ठक्.’ मागे घेऊन पुन्हा ब्रेक लावला. ‘ठक्.’

एका आवाजाच्या आड दुसरा दडला होता. पहिला दोष सापडला की शोध थांबविण्याचा मोह फार मोठा असतो, आणि बरीचशी अर्धवट दुरुस्ती तेथेच जन्म घेते. सपाट जमिनीवर केवळ ब्रेकने येणारा आवाज शॉकॲब्सॉर्बरचा असण्याचा संभव कमी. ब्रेक लागताच चाक मागे ओढले जाते, मागे जाताना ब्रेक लावला तर पुढे. आणि खालच्या आर्मच्या बुशमध्ये पोकळी झाली असेल, तर दिशा बदलताना नळी त्या पोकळीतून सरकून आपटते.

हाताने खात्री

कानाने दिलेला कौल हाताने पडताळावा लागतो. गाडी समपातळीवर उभी करून मागच्या चाकांना अडणी लावली, पुढची बाजू जॅकने उचलून सांगाड्याखाली लोखंडी घोडे ठेवले आणि मगच खाली वाकलो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही जाऊ नये. या एका निष्काळजीपणाने कुशल माणसांचे प्राण गेले आहेत.

चाक वर आणि खाली धरून हलविले, तर बेअरिंग आणि बॉल जॉइंट यांतील ढिलाई कळते. डावीकडे-उजवीकडे धरून हलविले, तर टाय रॉडची. वर-खाली किंचित हालचाल जाणवली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, न थांबली तर सांध्यांचा. आमच्या चाकात या तपासणीत काही आढळले नाही.

मग लोअर आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये पहारीचे टोक घालून अलगद रेटा दिला. चांगला बुश लवचीकपणे थोडा देतो आणि निमूटपणे परत येतो. उजवीकडचे तसेच होते. डावीकडचा मागचा बुश मात्र रेट्याबरोबर चांगलाच सरकला आणि सोडताच आम्ही दिवसभर ऐकत होतो तोच ‘ठक्’ कानी पडला. बॅटरीच्या उजेडात दिसले, की रबर नळीपासून अर्ध्याहून अधिक सुटले होते आणि नळी एका बाजूला कलली होती. रबरावर वरवरच्या बारीक रेघा दिसल्या म्हणून बुश बाद होत नाही. खोल फाट, सुटलेली नळी किंवा मध्यापासून ढळलेली नळी, ही त्याची खरी लक्षणे.

शॉकॲब्सॉर्बर चारही कोरडे होते; तेलाचा ओघळ नव्हता. बोनेट दाबून सोडल्यावर गाडी एकदाच उसळून स्थिर होत होती. ही चाचणी पूर्ण निकामी झालेला शॉकॲब्सॉर्बरच दाखविते हे खरे. पण ज्या आवाजासाठी ते बदलायचे होते, त्या आवाजाशी त्यांचा काही संबंध नव्हता, एवढे निश्चित झाले.

बदलण्याचे काम

दोन्ही बाजूंच्या खालच्या आर्मचे चारही बुश आणि दोन्ही लिंक रॉड बदलावेत असे ठरले. उजवीकडचे चालण्याजोगे होते. परंतु डावीकडे नवे, ताठ रबर आणि उजवीकडे तीस वर्षांचे, अशी गाडी ब्रेकच्या वेळी एका बाजूला ओढण्याचा संभव असतो. वरच्या आर्मचे बुश तपासून ठीक आढळले, म्हणून ते तसेच ठेवले.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असे पुतण्याने विचारले. ते अधिक कठीण असतात, दीर्घकाळ टिकतात आणि गाडी वळणावर अधिक नेमकी धावते. मात्र रस्त्याचा हादरा थोडा अधिक आत येतो, आणि त्यांना योग्य सिलिकॉन ग्रीस मिळाले नाही तर कुरकुरतात. शर्यतीला जाणाऱ्याने ते अवश्य घ्यावेत. रविवारी पत्नीला घेऊन फिरायला जाणाऱ्याला कंपनीचे रबरच पुरे, असे माझे मत पडले.

जुन्या सांध्यांवर गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशीच मारून ठेवले होते. या गाडीत लोअर आर्मचे आतले बोल्ट साधे नाहीत. त्यांच्या वॉशरचे भोक मध्यभागी नसून किंचित बाजूला असते, आणि बोल्ट फिरविला की चाकाचा कल बदलतो. म्हणून सोडण्यापूर्वी प्रत्येक वॉशरची जागा सांगाड्यावर पांढऱ्या रंगाने खुणावली. त्यावाचून काम संपल्यावर गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेणेही कठीण झाले असते.

तीन बोल्ट निघाले. चौथा नळीत गंजून एकजीव झाला होता. नट सुटला तरी बोल्ट फिरताना रबरासह पीळ खात होता. पुतण्या मोठी पाइप लावून जोर करू लागला तेव्हा मी त्याला थांबविले. अशा वेळी जोराने सांगाड्यावरची कडी वाकते, आणि दहा पौंडांचे काम हजाराचे होते. बोल्ट नळीच्या दोन्ही बाजूंनी करवतीने कापावा लागला. नवा बोल्ट येईपर्यंत दोन दिवस गाडी घोड्यांवर उभी होती. या प्रतीक्षेची तयारी ठेवूनच जुन्या गाडीला हात घालावा.

आर्म काढताना बॉल जॉइंट हातोड्याने न ठोकता त्यासाठी असलेल्या ओढणीने सोडविला. ठोकल्याने त्याचे रबरी टोपण फाटते आणि एक दोष काढताना दुसरा निर्माण होतो. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांना उघडण्याची गरज नव्हती. दाबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट योग्य साधनाशिवाय उघडणे प्राणघातक ठरू शकते, हेही येथे नमूद करतो.

जुने बुश काढण्यासाठी काही जण रबर जाळतात. तो धूर विषारी असतो आणि आर्मचा रंगही जातो. आम्ही रबराची बाहेरची कड कापली. मग एका बाजूला बुशहून मोठ्या तोंडाचा नळीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला किंचित लहान गोटी पाना, आणि मधून लांब आट्यांचा बोल्ट घालून नट आवळत गेलो. बुश इंच-इंच सरकत बाहेर आला. आर्मचे भोक घासून स्वच्छ केले, नव्या रबराला साबणाचे पाणी लावले आणि त्याच साधनाने नवे बुश सरळ आत ओढले. खनिज तेल किंवा साधे ग्रीस येथे वापरू नये; त्याने रबर फुगते.

शेवटचे आवळणे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते, आणि तीच सर्वाधिक वेळा चुकते. आर्म जागेवर बसला, बोल्ट घातले, की हात शिवशिवतात. पाना घट्ट आवळावासा वाटतो. पण त्या वेळी गाडी हवेत असते आणि चाक खाली लोंबत असते. त्या स्थितीत आवळले तर आतील नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी जमिनीवर येताच आर्म वर जातो, आणि रबराला कायमचा पीळ बसतो. उभ्या गाडीतही ते ताणलेलेच राहते, आणि जे अनेक वर्षे टिकले असते ते थोड्याच काळात फाटते. मग आपण रबराला नावे ठेवतो.

म्हणून बोल्ट हाताने बसवून सैल ठेवावेत. गाडीचा पूर्ण भार चाकांवर येऊ द्यावा. चाकांखाली मजबूत रॅम्प असल्यास उत्तम. गाडी थोडी मागे-पुढे करून तिला तिच्या नेहमीच्या उंचीवर स्थिर होऊ द्यावे, पांढऱ्या खुणा जुळवाव्यात, आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे आवळावे. पुतण्याने तो पाना ‘टक्’ म्हणेपर्यंत आवळला आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली.

दुसऱ्या दिवशी चारही चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. बुश बदलल्यावर हे केले नाही, तर टायरची एक कड झिजून वाचविलेला पैसा तिकडे जातो. संध्याकाळी त्याच गल्लीतून गाडी नेली. दगडी फरशीवर टायरांची सळसळ तेवढी ऐकू आली. पुतण्याने ब्रेक लावला, मागे घेतली, पुन्हा लावला. काहीच नाही. तो काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. सूनबाई दारात उभ्या होत्या. “विकायची होती ना?” असे त्याने विचारले, तेव्हा त्या हसून शेजारच्या आसनावर जाऊन बसल्या, आणि दोघे चहाच्या वेळेपर्यंत परतले नाहीत.

सारा खर्च मूळ अंदाजाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आला. एमओटीमध्ये गाडी उत्तीर्ण झाली.

घराघरांतील गाडीसाठी

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात स्पोर्ट्स कार असेल. पण दुकानाचा टेम्पो, घरची मारुती, मुलाची नवी गाडी यांनाही हेच नियम लागू आहेत. लहान गाड्यांत वरचा आर्म बहुधा नसतो. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांची एकच दांडी चाकाबरोबर वळते. अशा गाडीत उभ्या जागी स्टिअरिंग फिरविताना वरून ‘टणत्’ आवाज आला, तर त्या दांडीच्या माथ्यावरील बेअरिंग तपासावे. लोअर आर्म, बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड मात्र तेथेही असतात, आणि तेथेही बोल गाडीच्या सर्वांत महाग भागावर लावला जातो.

एखादा भाग बदला असे कोणी सुचविले, तर तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. आपण गाडी उचलून पाहिलीत का? ढिलाई मला हाताने दाखवाल का? काढलेला जुना भाग मला परत मिळेल का? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, आपले काम समजून घेणारा कोणी भेटला याचे त्याला समाधानच वाटते. आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे काउंटरच्या आतल्या बाजूला बसतात, त्यांनी गिऱ्हाइकाने ‘काय टाकू?’ असे विचारताच फळीकडे हात नेऊ नये. उठून बाहेर यावे, गाडीपाशी जावे आणि ऐकावे. त्यात पाच मिनिटे जातात.

पुण्यास परतल्यावर मी चिरंजीवांना वही उघडायला सांगितली. आता हिशेब संगणकावर असतो. तरी ते एक खाते त्यांनी तसेच ठेवले आहे. टॅक्सीवाले, नाव ठाऊक नाही, जमा. हे वाचणाऱ्या कोणाला १९९१ साली पुण्याहून मुंबईला पद्मिनी चालविणारे, नाना पेठेतून शॉकअपची जोडी आणि आठवड्याने बुश नेणारे गृहस्थ किंवा त्यांच्या घरचे कोणी ठाऊक असतील, तर त्यांना एवढेच सांगावे, की त्यांची रक्कम आमच्याकडे आहे.